वैशाखातला मध

माझ्या धाकट्या भावानं, नाथाजीनं, मला चार वर्षं खोटा मध चाटवला. परक्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण हा माझ्या पाठचा. याला मी कडेवर घेऊन देवीच्या राईतून हिंडवलाय, याच्या नाकातला शेंबूड माझ्या पदराला पुसलाय. त्यानं मला फसवावं, आणि तेही इतकं गबाळं फसवावं, याचा मला राग आला.

आमच्या पिसेमुऱ्याला रीत आहे. महाबळेश्वराच्या अंगाला, कोयनेच्या दरीवर टेकलेली दहा-बारा घरांची वस्ती ती. जांभळाच्या मधाची पहिली काढणी झाली की घरात कुणी बोट लावायच्या आधी सासरी गेलेल्या लेकीचा वाटा बाजूला निघतो. आईनं तो तिच्या नणंदांना धाडला, नाथाजीनं मला. माझं लग्न होऊन मी आष्ट्याकडं आले त्या सालापासून वैशाखात बाटली आली नाही असं झालं नाही. कधी तो स्वतः यायचा, कधी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचा.

आमचं सासरचं गाव सगळं उसाचं. बघाल तिकडं सपाट. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, या गावाला पाठच नाही. माझं माहेर डोंगराला टेकून बसलेलं, इथं टेकायला काही नाही. रात्री उसाचा पाला वाजायचा आणि मी झोपेत दचकून उठायचे, राई वाजली म्हणून. मालक फौजेत होते, वर्षातून एकदा यायचे. सासू तोंडानं माझ्याहून तिखट होती, आता काय ते समजा. अशा घरात वैशाखातली ती बाटली आली की मी दारामागं जाऊन बोट बुडवायचे. काळपट मध, त्याला जांभळी झाक, आणि गोडाच्या शेवटी घशात तुरट-कडू ओढ. ती ओढ लागली की मला आमचं परडं दिसायचं, परड्यामागची पायवाट दिसायची, राईतला ओला काळोख दिसायचा.

पुढं मालकांना लकवा झाला आणि ते अंथरुणाला खिळले. मला उंबऱ्याबाहेर पाय टाकता येईना. माहेर म्हणजे मग तेवढी एक बाटलीच राहिली.

आणि नेमका तेव्हापासून हा उद्योग सुरू झाला. पहिल्या वर्षी वाटलं, वय झालं, जिभेची चव गेली. नुसता गोड लागला, पाकासारखा. दुसऱ्या वर्षी तुरट लागला, पण तो तुरटपणा घशात न लागता दातात कचकचला. बाटली उलटी करून पाहिली तर तळाला करडा गाळ. बोटांत चोळला. जांभळाच्या बियांची पूड! साखरेच्या आजाराला दुकानात मिळते तीच. पठ्ठ्यानं दुकानातला मध आणला होता आणि माझ्या जिभेला कळू नये म्हणून त्यात औषध कालवलं होतं.

मी बोलले नाही. मालकांना वळवायचं, पुसायचं, भरवायचं, त्यात भांडायला जीव कुठला आणायचा. पण मनात धरून ठेवलं. माझा हिशोब सरळ होता. महाबळेश्वराला हॉटेलं वाढली, पाचगणीपासून वरपर्यंत दर वळणावर मधाच्या पाट्या लागल्या. चांगला मध याच्या हातून तिकडं जातोय आणि बहिणीला चाळणीखालचा गाळ येतोय.

गेल्या साली मालक गेले. नाथाजी आला, दहा दिवस राहिला, माझ्या शेजारी बसून राहिला. मधाबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही. वर्षश्राद्ध झालं आणि या वैशाखात मी पिशवी भरली.

आमची सून संयोगिता म्हणाली, "आत्याबाई, एवढ्या उनाचं कुटं निघालाय? मामांस्नी फोन करा की."

"भांडाण फोनवर करत्यात व्हय गं? भांडाण तोंड बघून करायचं असतंय."

उंब्रजला भाचा रविराज उभा होता. नाथाजीचा एकुलता एक. हायवेला त्याचं टायरचं दुकान आहे, हात कायम काळे. त्याच काळ्या हातांनी त्यानं माझी पिशवी जीपमध्ये ठेवली.

"आत्ती, बरं केलंस आलीस. दादांना खाली आन. तुजंच ऐकत्यात ते. आई गेली, गुडगं गेलं, तरी एकलंच बसल्यात वर भुतावानी."

"आनती की. आदी त्याची चामडी सोलती, मग आनती. मध कुनाला इकतोय रं त्यो?"

रविराजनं गिअर टाकला. "तूच इचार," एवढंच म्हणाला, आणि मेढा येईस्तोवर टायरांच्या भावाशिवाय दुसरं काही बोलला नाही.

केळघरचा घाट चढायला लागलो आणि माझा राग वाटेतच पातळ व्हायला लागला. किती वर्षांनी येत होते मी! खाली दरीत रान असं भरलं होतं की पोपटाच्या पोटासारखं दिसत होतं. वैशाखात इतकं हिरवं रान मी लहानपणीही पाहिलं नव्हतं. झाडाला झाड चिकटलेलं, त्यावर वेलींची जाळी, कातळसुद्धा दिसेना. माझ्या डोळ्याला पाणी आलं. वाटलं, मी नव्हते तर माझं माहेर वाळलं नाही, उलट भरून आलंय.

"रवी, रान काय झालंय रं! दिष्ट लागंल."

रविराजनं हॉर्न वाजवत पुढचं वळण घेतलं.

नाथाजी ओट्यावर बसून कोयता घासत होता. मला बघून उठायला गेला, गुडघ्यानं दगा दिला, पुन्हा बसला.

"आगं आक्का! कळवायचं न्हाईस व्हय?"

"कळवलं असतं तर पूड कालवून तयार ठिवली असतीस."

त्याचा कोयत्यावरचा हात थांबला. रविराजला हसू आलं, ते घेऊन तो चहा टाकायला आत पळाला.

"मला साखर झालीया असं कुनी सांगितलं तुला?" मी पिशवी आपटली. "वैशाखाच्या वैशाखाला औशध धाडतुयास ते?"

"तुला कळलं?"

"दातात कचकचतंय की रं! वस्त्रगाळ तरी करायची हुतीस. वैनी असती तर तिनं केली असती."

"ती असती तर मला करूच दिलं नसतं," तो म्हणाला. मान खाली. केस किती पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं.

पण मी काही पाघळायला आले नव्हते. "खरा मध कुनाच्या पोटात गेला ते सांग. हाटेलवाल्यांच्या का त्या मुंबईच्या पावन्यांच्या?"

तो उठला. भिंत धरत परड्यात गेला, मीही मागोमाग. मधाच्या पेट्या होत्या तिथंच होत्या, लाकडी घोड्यांवर ओळीनं, वरून पत्रे, खाली झाडून स्वच्छ केलेलं. घोड्यांच्या पायांना मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या, आणि वाट्यांत ताजं पाणी. मी कान दिला. आमच्या परड्यात कान द्यावा लागत नसे, वैशाखात तर अंगणातल्या माणसाला मोठ्यानं बोलावं लागायचं. आता नुसता वारा होता.

त्यानं पहिल्या पेटीचं झाकण उचललं. आत जुनी पोळी, काळी पडलेली, त्यांवर मेणकिड्याची जाळी. दुसरी उघडली. तसंच. तिसरी उघडायला गेला तेव्हा मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

"चार वर्सं झाली," तो म्हणाला. "एकामागनं एक पेटीतल्या माश्या उठून गेल्या. मी साखरंचं पानी ठिवलं, पेट्या खाली दरीत नेल्या, परत आनल्या. नवं मोहळ धरून घातलं, तेबी ऱ्हाइना."

"मग रिकाम्या पेट्यांखाली पानी कशाला भरतुयास?"

"हाताला सवय," तो म्हणाला.

समोर एवढी हिरवीगार राई आणि माशी उपाशी मरते, हे माझ्या डोक्यात बसेना. मी म्हणाले, "जांबळं तर पानांनी लेकुरवाळीवानी भरल्यात. कुनी काय फवारलं का? स्टाबेरीवाल्यांनी?"

"तसंबी असंल थोडं. पर ती पोरगी म्हनती येगळंच. चल, हाय ती राईतच."

ती पोरगी म्हणजे उत्कर्षा. आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत रानाचा अभ्यास करते आणि महिन्यातून काही दिवस नाथाजीच्या माडीवर मुक्काम टाकते, हे मला वाटेत कळलं. वाट म्हणायची, पण वाट कुठं होती! परड्यापासून राईपर्यंत मी डोळे मिटून पळायचे, ती पायवाट वेलींनी गिळली होती. नाथाजी कोयत्यानं तोडत पुढं, मी त्याची बंडी धरून मागं. पूर्वी वेलींनी किती चढायचं ते झाडं ठरवायची. आता वेलीच मालकिणी झाल्या होत्या. एक बोटाएवढी होती ती माझ्या मांडीएवढी झालेली, अंजनाच्या झाडाच्या गळ्यात पडून त्याला वाकवत होती.

राईत उत्कर्षा उकिडवी बसली होती. झाडांखाली चार काठ्यांवर जाळ्या बांधल्या होत्या, मच्छरदाणी उलटी टांगावी तशा. झाडाचं जे पडेल ते त्यात पडायचं आणि ही ते वेचून वेगळं करायची. झाडांच्या बुंध्यांना पत्र्याच्या बारीक पट्ट्या आवळल्या होत्या.

"ह्या माज्या आक्का," नाथाजी म्हणाला.

"मधवाल्या?" ती पटकन बोलली आणि जीभ चावली. म्हणजे या पोरीलाही ठाऊक होतं.

"व्हय, पूड खानाऱ्या," मी म्हणाले. "तू आटपाडीची म्हनं. तुमच्याकडं बाबळीबिगर झाड न्हाई, आन् तू आमचं रान मोजनार?"

"म्हणूनच आले आजी. आमच्याकडं मोजायचं म्हटलं तर दुपारपर्यंत संपतं."

पोरगी आवडली मला. मी तिच्याजवळ बसले. तिच्या पुढ्यात दोन ढीग होते. एक पानांचा, गुडघ्याएवढा. दुसरा फुलांचा आणि कोवळ्या जांभळांचा, माझ्या ओंजळीत मावेल असा.

"हे येवढंच?"

"या वर्षी एवढंच. मागच्या वर्षी जरा बरं होतं."

"आमच्या येळंला फुलांच्या केसरांचा सडा पडायचा गं. पाय टाकायला जागा न्हाई. केसात यायचं, आंबाड्यात बसायचं. आई म्हनायची, सासरी अंगाला वास घिऊन जा." हे मी का सांगितलं कोण जाणे. ती वेचायची थांबली आणि ऐकत राहिली, म्हणून सांगितलं असेल. मग मी विचारलं, "ह्या पट्ट्या कशाला?"

"झाड किती जाड होतंय ते कळतं. जांभळं चांगली जाड होतायत आजी. वरून फोटो काढले तर ही राई आधीपेक्षा हिरवी दिसते. हवेतला कार्बन वाढलाय ना, गाड्यांच्या, कारखान्यांच्या, जळणाच्या धुरातला. झाडाचा तोच चारा. पाणीबी मिळालं तर ते पानं वाढवतं. वेली तर झाडापेक्षा चपळ, त्या जास्त उचलतात."

"म्हंजे चारा खाऊन माजलंय, आन् दूध देईना."

ती हसली, पण मान हलवली. "इतकं सोपं नाही. फुलोऱ्याला थंडी लागते, कोरडा काळ लागतो. आता रात्री गार होत नाहीत. मग एक फांदी माघात फुलते, दुसरी चैत्रात, तिसरी फुलतच नाही. आणि फुललं की अवकाळी पाऊस झोडपतो, फुलातला रस धुऊन जातो. माश्यांना एकदम मेजवानी लागते, हे असं चिमूट-चिमूट त्यांना पुरत नाही. पण मी हे पक्कं म्हणणार नाही. आमची मोजणी तीनच वर्षांची आहे. रान लांबचा हिशोब ठेवतं."

"धूर म्हनलीस. आमच्याकडं उसाचं पाचट पेटवत्यात, त्योबी येतो व्हय हितं?"

"सगळ्यांचाच येतो आजी. हवेला शीव नसते."

माझ्या सासरचा धूर माझ्या माहेरला! मी पदर तोंडाला लावला. नाथाजीनं माझ्याकडं बघितलं आणि कोयत्याच्या टोकानं उगाच माती उकरली.

उत्कर्षानं मला एक रोप दाखवलं. कोवळं, तकतकीत पानांचं. "हा किंजळ. खालच्या, उन्हाच्या रानातला. इतक्या वर दोन-चारच सापडलेत, पण सापडलेत. खालचं रान हळूहळू वर चढत असेल, असं वाटतंय."

"मग वरचं?" मी विचारलं. "पिसा, अंजन, ही वरची झाडं? ती कुटं चढायची?"

तिनं वर बघितलं. मीही बघितलं. वर डोंगराचा माथा होता आणि त्याच्यावर आभाळ.

"रान मरतंय का?" मी विचारलं. "खरं सांग. मला पूड नगं."

"मरत नाही आजी. दुसरं होतंय."

मला मेलं असतं तर बरं वाटलं असतं असं नव्हे. पण मेल्या माणसाला रडता येतं. हे माझ्यासमोर उभं होतं, धडधाकट, तकतकीत, माझ्या आठवणीपेक्षा देखणं, आणि मला ओळखत नव्हतं.

परतताना नाथाजीनं वाट वाकडी केली. "हिकडं ये जरा," म्हणाला. राईच्या मध्याला देवीचा तांदळा, म्हणजे बिनघडीव दगड, आहे, त्याच्या मागं जुना अंजन. त्याच्या ढोलीपाशी त्यानं मला उभं केलं आणि ओठावर बोट ठेवलं.

आवाज होता. बारीक, आतल्या आत. पेटीत पाळतात त्या सातेरी माशीचं एक मोहळ त्या ढोलीत टिकलं होतं. दोन-तीन माश्या तोंडाशी आल्या, फिरल्या, आत गेल्या. मी तोंड जवळ नेलं. ढोलीतून उबदार वास आला. मेणाचा, ओल्या लाकडाचा, आणि त्याच्या तळाशी तीच तुरट-कडू ओढ. चार वर्षं मी जी शोधत होते ती.

मला हात घालावासा वाटला. माश्यांनी फोडून काढलं असतं तरी चाललं असतं. एक बोट. पण राईतलं काही घ्यायचं नसतं, वाळलेली काटकीसुद्धा नाही, हे आम्हाला बोलायच्या आधी शिकवलेलं. मी हात मागं बांधून उभी राहिले आणि नुसता वास घेतला. किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी नाथाजीनंच माझं कोपर धरलं.

"चावत्याल, आक्का."

ओट्यावर रविराजनं चहा ठेवला होता, त्यावर साय आली होती. आम्ही तिघं बसलो. रविराजनं विषय काढलाच. "आत्ती, आता बघितलंस न्हवं? काय हाय हितं? सांग ह्यांना, उंब्रजला चला म्हनून."

"मी जातो म्हनलं तर उद्या जाईन," नाथाजी म्हणाला. "मला काय हितं सोनं पुरलंय? पर हे दार लावलं की हिचं म्हेर बंद व्हतंय. भाऊजी तिकडं पडलेलं. ही रात्रंदिस त्यांच्या उशाशी. म्हेराचं म्हनून हिला तेवढी एक बाटली. ती बी न्हाई म्हनून कसं सांगू? म्हनलं, गोड लागतंय तवर लागू दे. गेल्या साली सांगायला आलतो खरं. तुजं मोकळं कपाळ बघितलं आन् तोंड उघडलं न्हाई." तो माझ्याकडं सरकला. "चूक झाली आक्का. बोल काय बोलायचं ते."

रविराज आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याला वाटत होतं मी आता रडेन, भावाच्या गळ्यात पडेन, आणि म्हणेन चल बाबा खाली. नाथाजीलाही तसंच वाटत असावं, कारण त्यानं उपरण्यानं डोळे आधीच पुसून ठेवले.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"नाथा, हिकडं बघ. खाली न्हाई, माज्या तोंडाकडं. उंब्रजला जायचं का न्हाई ते तुजं गुडगं ठरिवत्याल, त्यात माजं नाव घालू नगंस. आन् खोट्या मधाची तुला माफी हाय, चारी वर्सांची. पर एक सांगती. घरात मानूस दुखन्यानं पडलं की सासरी दिलेल्या लेकीला आदी निरोप जातो. ती आल्याबिगर मढंसुदा उचलत न्हाईत. तुला ही रीत ठावं न्हाई? राई अंथरुनाला लागली तवा मला निरोप धाडायचा हुतास. मी काय वैद्य न्हवं, माज्यानं काय झालं नसतं. पर उशाशी येऊन बसली असती. वळखीची असताना तिला एकदा बघितली असती, तिनं मला बघितलं असतं. आता आली, तर तिनं मला वळखलं न्हाई. ह्याची तुला माफी न्हाई, नाथा. मी मरंस्तवर न्हाई."